भाडं किती मागू? एका गाडीच्या मालकांचे वारंवार येणारे प्रश्न

फोन वाजतो. पलीकडचा विचारतो, "माल तयार आहे, काय घ्याल?" उत्तर द्यायला दहा सेकंद असतात आणि तेवढ्यात हिशेब होत नाही. तो आधीच करून ठेवावा लागतो. ज्यांची स्वतःची एक गाडी आहे, फार तर दोन, आणि जे भाडं स्वतः ठरवतात, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणांतले आकडे फक्त रीत कळावी म्हणून मांडले आहेत. चलन तुमचं घाला, आकडेही तुमचेच घाला.

बाजारात काय भाव चाललाय हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग वेगळा हिशेब कशाला?

बाजारभावावरून पार्टी, म्हणजे माल पाठवणारा, किती द्यायला तयार आहे ते कळतं. तुम्हाला ती खेप कितीला पडते, ते त्यावरून कळत नाही. एकाच रस्त्यावर एकामागोमाग चाललेल्या दोन गाड्या बघा. एकीचा हप्ता चालू आहे, दुसरीचा फिटलाय. एकीला परतीचा माल ठरलेला आहे, दुसरी रिकामी येणार आहे. दोघींना मिळालेलं भाडं सारखंच असलं तरी त्यात एक कमावते आणि दुसरी भांडवल खाते.

यातली गोम अशी की भांडवल खाणाऱ्याला ते बरेच महिने कळतच नाही. रोज हातात पैसे येतात, डिझेल भरलं जातं, घर चालतं. मग एके दिवशी टायरचा जोड बदलायची वेळ येते आणि खिशात काही नसतं. तो माणूस त्या दिवशी तोट्यात गेलेला नसतो. गेलं वर्षभर तो तोट्यातच गाडी हाकत असतो.

खर्च मोजायला सुरुवात कुठून करू?

दोन ढीग करा. पहिल्यात गाडी जागेवर उभी असली तरी होणारे खर्च. दुसऱ्यात चाक फिरलं तरच होणारे.

पहिला ढीग, महिन्याचा: हप्ता ४०,०००. विमा, कर, परवाने, फिटनेस यांचा वर्षाचा खर्च बारा महिन्यांवर पाडून १२,०००. चालकाचा पगार ३०,०००. गाडी लावायची जागा, फोन, हिशेब लिहिणाऱ्याचे पैसे आणि सटरफटर मिळून ६,०००. एकूण ८८,०००. महिन्यात गाडी खरोखर कामावर असते असे दिवस २२ धरले, तर गाडीचा एक दिवस ४,००० ला पडला. हा आकडा पाठ करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

दुसरा ढीग, किलोमीटरचा: डिझेल लिटरला १०० धरू. भरलेली गाडी लिटरमागे ४ किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला २५. रिकामी ५ जाते, म्हणजे २०. टायरचा पूर्ण जोड २,००,००० चा आणि तो ८०,००० किलोमीटर चालतो, म्हणजे अडीच. ऑइल, ग्रीसिंग, ब्रेक, दुरुस्ती यांचेही सरासरी अडीच. भरलेली गाडी किलोमीटरला ३०, रिकामी २५. टोल दर रस्त्याला वेगळा असतो, तो खेपेच्या हिशेबात स्वतंत्र धरा.

ॲव्हरेज मात्र कंपनीच्या पत्रकातलं घेऊ नका, आणि गप्पांत सांगतो तेही नको. टाकी फुल करा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करा, मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरांनी भागा. महिनाभर असं केलं की खरा आकडा हाती येतो, आणि तो बहुतेक वेळा मनातल्या आकड्यापेक्षा कमी निघतो.

महिन्यात २२च दिवस? माझी गाडी तर रोज रस्त्यावर असते.

वही काढून बघा. सुट्ट्या, गॅरेज, फिटनेसचा दिवस, माल न मिळाल्याने उभी राहिलेली गाडी, तुमचं आजारपण, घरचं लग्न हे सगळे दिवस वजा करा. २६ दिवस धरून भाडं काढलं आणि गाडी २२ दिवसच चालली, तर चार दिवसांचा खर्च कोणत्याच पार्टीने दिला नाही. तो तुम्ही दिला. मागच्या सहा महिन्यांची सरासरी काढा आणि शंका आली तर कमी दिवस धरा.

मीच गाडी चालवतो. मग पगार का धरायचा?

उद्या तुमचा हात मोडला तर गाडी कोण चालवणार? बदली चालक आला की पहिल्याच दिवशी पैसे मागेल, आणि ते देऊन भाडं परवडत नसेल तर तुमचा धंदा नफ्यात नव्हताच. तुमची मजुरी तुम्ही फुकट टाकत होता, इतकंच. चालकाचा पगार खर्चात धरा आणि मालकाचा नफा वेगळा काढा. दोन्ही तुमच्याच खिशात येतात हे खरं, पण कष्टाचे किती आणि गाडीत अडकवलेल्या पैशाचे किती, हे कळायला हवं. कष्टाचेच मिळत असतील तर दुसऱ्याची गाडी चालवणं बरं. निदान रात्री टायर फुटला तर काळजी त्याची.

हप्ता फिटलाय. आता भाडं कमी सांगितलं तर काम जास्त मिळेल ना?

मिळेल. आणि गाडी म्हातारी होईल तेव्हा नवी घ्यायला हातात काही नसेल. हप्ता संपला तरी गाडी झिजायची थांबत नाही. हप्त्याची रक्कम, निदान तिच्यातला मोठा भाग, दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकत राहा आणि हिशेबात तो खर्चच धरा. जुन्या गाडीचा दुरुस्तीखर्च वाढतो, तोही याच हिशेबातून निघतो. हप्ता चालू असताना मात्र हप्ता आणि घसारा दोन्ही पूर्ण धरू नका. एकच खर्च दोनदा लागतो आणि भाडं उगाच फुगतं.

एका खेपेचं भाडं पहिल्यापासून काढून दाखवा.

५०० किलोमीटरची खेप, परत रिकामं यायचं. भरायला अर्धा दिवस, जायला एक, खाली करायला अर्धा, यायला एक. तीन दिवस झाले.

गाडीचे तीन दिवस, ४,००० प्रमाणे १२,०००. जाताना ५०० किलोमीटर ३० ने १५,०००. येताना ५०० किलोमीटर २५ ने १२,५००. जाऊन येऊन टोल २,५००. एकूण ४२,०००.

ही झाली मुद्दल. या आकड्याला खेप घेतली तर खर्च निघतो, चालकाचा पगार निघतो, आणि मालक म्हणून तुम्हाला काही उरत नाही. त्यावर नफा चढवायचा.

यात एक आकडा लोक सर्रास चुकवतात, आणि तो म्हणजे जायचा एक दिवस. ५०० किलोमीटर एका दिवसात होतात का, हे रस्त्यावर, घाटावर आणि चालवण्याच्या तासांवर ठरतं. युरोपीय संघात चालकाला दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा १० तास, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. अमेरिकेत मालवाहू चालकाला १४ तासांच्या पाळीत ११ तास चालवायची मुभा आहे. तुमच्याकडे जो नियम असेल तो धरून दिवस मोजा. झोप मोडून वाचवलेला दिवस हिशेबात धरायचा नसतो. एखाद्या खेपेला तो जमतो, मग पार्टी दर खेपेला तोच मागते.

सगळे किलोमीटरचा दर विचारतात. तुम्ही दिवसाचं काय धरून बसलात?

कारण गाडी किलोमीटर विकत नाही, दिवस विकते. महिन्यात दिवस मोजकेच असतात आणि गेलेला परत येत नाही. एक तुलना बघा, आकडे वरचेच आहेत.

पहिली खेप ३०० किलोमीटरची, भाडं ३९,०००. किलोमीटरला १३० पडले, ऐकायला झकास. पण भरायला रांगेत एक दिवस, जायला एक, खाली करायला दोन, यायला एक. पाच दिवस. रस्त्याचा खर्च जाताना ९,०००, येताना ७,५००, टोल १,५००, मिळून १८,०००. उरले २१,०००, म्हणजे दिवसाला ४,२००.

दुसरी खेप वरचीच ५०० किलोमीटरची, भाडं ४६,०००. किलोमीटरला फक्त ९२. रस्त्याचा खर्च ३०,०००, उरले १६,०००, दिवस तीन. दिवसाला ५,३३३.

गाडीचा दिवस ४,००० ला पडतो. पहिल्या खेपेत पाच दिवस घालवून नफा उरला १,०००. दुसरीत तीन दिवसांत ४,०००. किलोमीटरचा दर बघणारा पहिली उचलेल आणि खूश होईल.

म्हणून भाडं विचारणाऱ्याला अंतराच्या आधी दोन प्रश्न विचारा: माल तयार आहे की बनतोय? आणि तिकडे गाडी किती वेळात खाली होते? पहिल्याला "तयारच आहे हो" असं उत्तर येतं. त्यावर "मग सकाळी आठला गाडी लावतो, दहाला निघेल ना?" असं विचारलं की खरं काय ते कळतं.

परतीचं भाडं किती कमी घ्यावं?

या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो, म्हणून जरा सविस्तर.

गाडी खाली झाली आहे, घरी तर यायचंच आहे. रिकामी आली तर काहीच मिळणार नाही, भरून आली तर काहीतरी मिळेल. मग मिळेल ते घ्यावं, असं मन म्हणतं. मनाचं अर्धंच बरोबर आहे. भरून येण्याचा जादा खर्च किती, ते बघा. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीत किलोमीटरला ५ चा फरक, ५०० किलोमीटरला २,५००. भरायला अर्धा दिवस, खाली करायला अर्धा, म्हणजे एक दिवस वाढला, ४,०००. तेव्हा ६,५०० च्या खाली परतीचा माल घेण्यात अर्थ नाही, रिकामं यावं.

आता हा माल लगेच मिळाला नाही. दोन दिवस थांबलात. आणखी ८,००० गेले आणि आकडा १४,५०० वर पोचला. पण दोन दिवस थांबलेला माणूस १०,००० ला माल उचलतो, कारण एवढं थांबलो, आता रिकामं कसं जायचं, असं त्याला वाटतं. तो १०,००० कमावून येत नाही. रिकामा लगेच निघाला असता त्यापेक्षा ४,५०० गमावून येतो.

घरून निघतानाच ठरवा: इतक्या तासांत माल नाही मिळाला तर गाडी वळवायची. मात्र यात एक अट आहे. घरी दुसरं काम वाट बघत असेल तरच थांबलेला दिवस ४,००० चा. घरी येऊनही गाडी उभीच राहणार असेल, तर थांबण्याची किंमत कमी होते आणि थोडं थांबणं चालतं.

आणखी एक. तुमची परतीची वाट ही तिकडच्या गाडीवाल्याची जायची वाट असते. तुम्ही ६,५०० ला माल उचलू लागलात की त्याचं पोट मारलं जातं, आणि तोही तुमच्या गावातून परतताना तेच करतो. दोघांनी मिळून दोन्ही बाजूंचं भाडं पाडलं, आता पार्टीला दोन्हीकडे स्वस्त गाडी मिळते. म्हणून ६,५०० हा नाही म्हणण्याचा आकडा आहे, मागण्याचा नाही. मागायचं ते पूर्ण खर्चाच्या जवळचंच.

ज्या मार्गावर परतीचा माल जवळपास नक्की असतो, तिथे जाण्या-येण्याचा हिशेब एकत्र मांडा. पण "नक्की" म्हणजे मागच्या दहा फेऱ्यांत किती वेळा मिळाला, ते वहीत बघून म्हणा.

मंदीत खर्चाखाली भाडं घ्यावं का?

दोन तळ आहेत. वरचा तळ पूर्ण खर्चाचा, आपल्या उदाहरणात ४२,०००. खालचा तळ नुसत्या रस्त्याच्या खर्चाचा, ३०,०००. खालच्या तळाच्या खाली कधीच जाऊ नका. तिथे गाडी हलवण्यापेक्षा उभी ठेवणं स्वस्त. दोहोंच्या मध्ये, समजा ३६,००० मिळाले, तर हप्त्याला आणि पगाराला थोडा तरी हातभार लागतो. दुसरं काही नसेल तर काही आठवडे हे चालतं.

पण दोन अटींवर. पैसे रोख, उधार नाही. आणि पार्टीला स्पष्ट सांगायचं की हा भाव या खेपेपुरता आहे. मंदीतला भाव पार्टीच्या वहीत पक्का होतो आणि तेजीत तोच तुमच्या तोंडावर फेकला जातो.

गाडी खाली व्हायला दोन-दोन दिवस लागतात. खोळंब्याचे पैसे मागितले की लोक चिडतात.

मागण्याची वेळ चुकते म्हणून चिडतात. दोन दिवस थांबून झाल्यावर मागितलं की भांडण होतं. भाडं ठरतानाच सांगितलं की ती अट होते. फुकटची मुदत किती, त्यानंतर तासाला किंवा दिवसाला किती, हे भाड्याबरोबर त्याच संदेशात लिहून पाठवा. अमेरिकेत दोन तास मोफत आणि पुढे तासावर आकार अशी रीत रुळलेली आहे. इतर ठिकाणी ही मुदत दिवसाचीही असते. मुदत तुम्ही ठरवा, पण ती असू द्या.

दर निदान गाडीच्या दिवसाइतका हवा, खरं तर त्यात नफाही हवा. नाहीतर पार्टीला तुमची गाडी गोदामापेक्षा स्वस्त पडते आणि ती गाडीचंच गोदाम करते. माझ्या ओळखीत एकाची गाडी माल भरलेल्या अवस्थेत सहा दिवस दारात उभी होती, कारण आत जागा नव्हती. त्याने हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचे पैसे, ठरवलंच नव्हतं. मिळालं काय, तर चहा.

पुरावा ठेवा. आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक-पावतीवर) किंवा पोचेवर (माल पोचल्याच्या पावतीवर) सही-शिक्क्यासह घ्या. सही देत नसतील तर गेटवरच्या फलकासह फोटो काढा आणि तिथूनच पार्टीला पाठवा. नंतर सांगितलेली वेळ कोणी मानत नाही.

डिझेल वाढलं की भाडं कसं वाढवायचं?

एकेका खेपेला भाव बोलत असाल तर पुढच्या खेपेला नवा आकडा सांगायचा, प्रश्नच नाही. अडचण महिनोन्‌महिने ठरलेल्या भावात येते. तिथे करारात आजचा डिझेलचा दर लिहा आणि त्यापेक्षा दर हलला की भाडं किती हलेल याचं सूत्रही लिहा. लिटरमागे १२ वाढले, तर भरलेल्या गाडीला किलोमीटरला ३, रिकामीला २ रुपये ४० पैसे म्हणा किंवा तुमच्या चलनात जे असेल ते. ५०० किलोमीटर जाऊन येऊन १,५०० अधिक १,२००, एकूण २,७००. रिकामी वाट यात धरायचीच. ती विसरली तर जवळपास निम्मी वाढ तुमच्या अंगावर पडते.

दर उतरला तर भाडंही उतरेल, हे तुम्हीच आधी बोला. मग पार्टी सूत्राला सही देते.

टनावर भाडं घ्यावं की गाडीवर?

जड माल असेल तर टन चालतो. हलका, फुगीर माल असेल, कापूस, थर्माकोल, गाद्या, रिकाम्या बाटल्या, तर टनावर कधीच नाही. गाडी भरते पण काटा हलत नाही. अशा मालाला आकारमानाचं वजन लावतात. युरोपात रस्त्याच्या वाहतुकीत एक घनमीटर म्हणजे ३३३ किलो असं धरण्याची रीत आहे, आणि खरं वजन व हे वजन यांतलं जे जास्त त्यावर भाडं. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ६७ घनमीटर मावतं, तेव्हा ३३३ ने गुणलं तर २२ टनांच्या वर जातं. एका गाडीच्या मालकाला याहून सोपं म्हणजे अख्ख्या गाडीचं ठोक भाडं.

टनाच्या भाड्याची दुसरी खोड म्हणजे ते जादा भरायचा मोह घालतं. "आणखी तीन टन टाका, तेवढे पैसे वाढतील." अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मोठी चाचणी झाली. तिच्यावरून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याची झीज चाकांच्या आसावरच्या (ॲक्सलवरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार २० टक्के वाढला की झीज दुप्पट. दंड एवढे कडक का, ते यातून कळतं. तुमच्या गाडीपुरतं बोलायचं तर पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), टायर, ब्रेक, बेअरिंग यांचा हिशेब महिन्यांनी येतो आणि अपघात झाला तर विम्यावाला सगळ्यात आधी वजनाची पावती मागतो.

दोन महिन्यांनी पैसे देणारी मोठी पार्टी घ्यावी का?

उधारी म्हणजे तुम्ही पार्टीला दिलेलं कर्ज. त्याचं व्याज भाड्यात हवं. ४६,००० ची खेप, पैसे ६० दिवसांनी, आणि तुम्हाला बाहेरून पैसा वर्षाला १८ टक्क्यांनी मिळतो असं धरलं तर दोन महिन्यांचं व्याज १,३८०. खेपेचा नफा होता ४,०००. त्याचा तिसरा हिस्सा असाच गेला.

व्याजापेक्षा मोठी गोष्ट खेळत्या पैशाची. महिन्यात अशा सात खेपा केल्या, तर प्रत्येकीला रस्त्याचा खर्च ३०,००० म्हणजे महिन्याला २,१०,००० खिशातून. पहिला पैसा हाती यायच्या आत ४,२०,००० गुंतलेले असतात, आणि हप्ता, पगार वेगळेच. एवढं बळ नसेल तर नफ्याच्या पार्टीपायीही गाडी बंद पडते. म्हणून ॲडव्हान्स निदान जाण्या-येण्याच्या डिझेल-टोलइतका मागा. बाकी पोच दिल्यावर किती दिवसांत, ते लिहून घ्या.

कायद्याचा थोडा आधार काही ठिकाणी आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार व्यापाऱ्यांमधली मुदत, वेगळं स्पष्ट ठरलं नसेल तर, ६० दिवसांच्या पुढे जाऊ नये. भारतात २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात लहान पुरवठादारासाठी ही कमाल मर्यादा ४५ दिवसांची आहे. अर्थात कायदा दाखवून पैसे मिळतात आणि पार्टी जाते. तेव्हा आधी चौकशी केलेली बरी. त्या पार्टीच्या गेटवर उभ्या असलेल्या दोन चालकांना विचारा, इथे पैसे कधी मिळतात. इतकी खरी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

दलाल मध्ये किती खातो, हे मला का कळू नये?

कळावं असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेत तर नियमच आहे की दलालाने व्यवहाराची नोंद ठेवावी आणि वाहतूकदाराला ती पाहता यावी. प्रत्यक्षात बरेच दलाल तो हक्क करारातच सोडायला लावतात. पण भाडं ठरवताना दलालाचा वाटा हा तुमच्या कामाचा आकडा नाही. तुमचा दिवस भागतोय का, एवढंच बघा. तो पार्टी शोधतो, उधारी सोसतो, कधीकधी बुडीतही सोसतो. जो यातलं काहीच सोसत नाही, फक्त नंबर देतो, त्याला मात्र टप्प्याटप्प्याने वगळा. पार्टी पळवू नका, ती बातमी एका दिवसात सगळ्या अड्ड्यावर पसरते. स्वतःच्या पार्ट्या स्वतः शोधा.

घासाघीस कशी करू? माझ्या तोंडून लगेच कमी आकडा निघतो.

मागायचा आकडा आणि नाही म्हणायचा आकडा, दोन्ही फोनच्या आधी कागदावर लिहा. ५०० किलोमीटरला मागायचे ४८,३०० आणि ४६,२०० च्या खाली नाही, असं काहीतरी. आकडा सांगितला की गप्प बसा. आपणच शांततेला घाबरून "बघा, थोडं इकडेतिकडे करू" म्हणतो आणि पलीकडच्याने तोंडही उघडलेलं नसतं.

कमी करायचंच झालं तर बदल्यात काही घ्या. "दोन हजार कमी करतो, पण पूर्ण पैसे गाडी खाली होताच." किंवा "सकाळी आठला भरून दिलीत तर." किंवा परतीचा माल त्यांनी द्यावा. नुसतंच कमी केलं तर पार्टीला वाटतं, पहिला आकडा खोटाच होता, आणि पुढच्या वेळी ती आणखी खालून सुरू करते.

"समोरचा ४०,००० ला यायला तयार आहे" असं ऐकवतात. असेलही. "त्याच्याकडूनच घ्या साहेब, गाडी नाही आली तर मला फोन करा." रागावून नाही, हसून म्हणायचं. त्यातले काही फोन संध्याकाळी खरोखर येतात, आणि तेव्हा भाव तुमचा असतो.

ॲपवर बोली लावून काम घ्यावं का?

रिकामी परत यायची वेळ असेल तर घ्यावं. रोजचं काम त्यावर चालवलं तर भाव सगळ्यात घाईत असलेला गाडीवाला ठरवतो.

महागडा माल नेला तर भाडं जास्त मागू का?

हो, जोखीम जास्त आहे. पण आधी जबाबदारी किती ते बघा. आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतुकीचा १९५६ चा जिनिव्हा करार ज्या देशांना लागू आहे, तिथे नुकसानभरपाई वजनावर मर्यादित आहे, किलोमागे ८.३३ विशेष आहरण अधिकार, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. तुमच्या देशांतर्गत वाहतुकीला वेगळा कायदा असेल. मालाची किंमत बिल्टीवर लिहिली असेल, तर मालाचा विमा कोणाचा, हे विचारल्याशिवाय ताडपत्री बांधू नका. विमा तुम्ही उतरवणार असाल तर त्याचा हप्ता भाड्यात वेगळी ओळ म्हणून दाखवा.

नफा किती टक्के ठेवावा?

ठरलेला आकडा नाही. मी मुद्दलीवर १५ टक्के मागायला आणि १० ला थांबायला सांगतो, कारण १० च्या खाली एक मोठी दुरुस्ती सहा महिन्यांची कमाई नेते. अनोळखी पार्टी, वाईट रस्ता, परतीला काहीच नाही, अशा वेळी जास्त. दर आठवड्याला ठरलेली, वेळेवर खाली होणारी, हातात पैसे देणारी खेप असेल तर कमी चालेल. अशी पार्टी सापडली तर टक्केवारीवरून तिला घालवू नका.

वहीत नेमकं काय लिहू?

एका खेपेला एक ओळ. निघाल्याची तारीख, परत आल्याची तारीख, भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, डिझेलचे लिटर, टोल, वाटखर्च, भाडं, पैसे प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख. शेवटच्या रकान्यात भाड्यातून रस्त्याचा खर्च वजा करून दिवसांनी भागलेला आकडा. तो ४,००० च्या वर असेल तर निळ्या शाईने, खाली असेल तर लाल. तीन महिन्यांनी लाल ओळींसमोर पार्ट्यांची नावं वाचा. एक-दोनच नावं पुन्हा पुन्हा दिसतील, आणि बहुधा ती तुमची सगळ्यात जुनी गिऱ्हाइकं असतील. त्यांना पहिला फोन करा.